नेट गेलं म्हणण्याआधी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी मोठमोठे विषय होतात. यंदा माझ्यासारख्या सरकारी नोकराला विषय मिळाला तो घरातल्या मोडेमचा. पण आज आपल्या खटकचिंचोळीत कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची लेक हैदराबादला. आजीला नातवाचं तोंड दिसतं ते याच डबीमुळे. म्हणून विषय लहान नाही.

आधी माझी फजिती सांगतो. मुलीची सीईटीनंतर कॉलेजांची पसंती भरायची होती. रोज संध्याकाळी यादी अर्धी झाली की नेट जायचं, तीन-चार मिनिटांनी परत यायचं. मी लाइनमनवर चिडलो. मग हेअरपिन घेऊन मोडेमच्या मागच्या बारीक भोकातलं रीसेट दाबलं. कंपनीनं भरलेलं नाव आणि पासवर्ड पुसला गेला आणि जे अधूनमधून येत होतं तेही गेलं! शेवटच्या दिवशी भर पावसात मुलीला मोटारसायकलवर भालकीला नेऊन यादी भरली.

नंतर लाइनमन आला. त्यानं एकच विचारलं, "साहेब, त्या वेळी टीव्हीपण बंद होतो का?" होत होता! संध्याकाळी लाइट क्षणभर जायची. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर, म्हणून आम्हाला कळायचं नाही. मोडेम मात्र टीव्हीच्या बोर्डावर. तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दोष लाइनचा नव्हता, बोर्डाचा होता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या माणसाला हे सुचलं नाही.

बिदरजवळ नौबादची करेज आपण पाहिली आहे. बहामनी काळात जमिनीखालून पाणी आणलं आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवली. पाणी कुठपर्यंत येतं, हे त्या तोंडांतून कळतं. नेटचंही तसंच. बाहेरची तार, मोडेम आणि घरातलं वायफाय असे तीन टप्पे. कुठं अडलं ते आधी पाहायचं.

पहिला टप्पा तारेचा. फायबरच्या मोडेमवर एल-ओ-एस असा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. आतली काच केसाएवढी बारीक असते. तार खिळ्याला करकचून गुंडाळली तरी प्रकाश अडतो. वळण मोठं ठेवा. तुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. लाल दिवा असेल तर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. आणि हो, मंडपाचे बांबू उभारताना, मिरवणुकीत मूर्ती नेताना वरच्या तारांकडे लक्ष द्या. कुणाच्या तरी घरचं नेट आपल्याच हातून तुटतं.

दुसरा टप्पा मोडेमचा. लाल दिवा नाही, तरी नेट नाही? बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करून पाच मिनिटं द्या. रीसेटला हात लावू नका. मोडेम इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या, किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

तिसरा टप्पा वायफायचा. मोडेमला केबलनं लॅपटॉप जोडला तर नेट चालतं, मोबाइलवर मात्र तुटतं, म्हणजे अडचण घरातच आहे. आपल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड. त्यात मोडेम लोखंडी कपाटामागे! तो घराच्या मध्यावर, उंच, मोकळा ठेवा. मोडेमवर दोन नावं दिसत असतील तर 2.4 गिगाहर्ट्झचं लांबपर्यंत पोचतं; 5 चं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं.

2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. 2023 मध्ये ती मर्यादा 2 एमबीपीएस झाली. वेग वाढला, तसा आपला धीर कमी झाला. म्हणून एक वही ठेवा. नेट किती वाजता गेलं, कोणता दिवा होता, घरात लाइट होती का, एवढंच लिहा. चार दिवसांत वहीच दोष दाखवते. माझ्याकडे ती असती, तर त्या दिवशी मुलगी पावसात भिजली नसती.

विघ्नहर्त्याला हात जोडूच. पण आधी दिवा बघू.

गणपती बाप्पा मोरया!