चित्रांच्या जत्रेंतील गाळा

चित्रकाराचें नांव कालांतरानें सर्वतोमुखीं होतें. परंतु त्याचें चित्र प्रथम ज्याच्या भिंतीवर लागलें, त्या विक्रेत्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. १९४१ सालीं मुंबईंत केकू गांधी यांनीं ‘केमोल्ड’ या नांवानें चित्रांच्या चौकटी बनविण्याचा धंदा आरंभिला. चौकटींच्या निमित्तानें तरुण चित्रकारांचें तेथें येणेंजाणें सुरू झालें, आणि चौकटींबरोबर त्यांचीं चित्रेंही दुकानांत दिसूं लागलीं. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनीं १९४७ सालीं आपला प्रोग्रेसिव्ह गट स्थापन केला, तेव्हां हीं नांवें धनिकांच्या तोंडीं नव्हतीं. पुढें १९६३ सालीं केकू व त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनीं जहांगीर कलादालनाच्या माडीवर लहानशा जागेंत ‘गॅलरी केमोल्ड’ थाटली. २००७ सालीं ती फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर प्रशस्त जागेंत गेली.

आपल्या जागेंत बसून रसिकाची वाट पाहणें निराळें आणि जत्रेंत गाळा मांडणें निराळें. ही जत्रेची कल्पना जर्मनींतली. १९६७ सालीं कोलोन शहरीं अठरा विक्रेत्यांनीं एकत्र येऊन नव्या चित्रांचा बाजार भरविला. ग्राहक एका छपराखालीं आला तर सर्वांचेंच साधेल, हा सरळ व्यापारी हिशेब. १९७० सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें तिघां विक्रेत्यांनीं तोच प्रयोग केला व त्याला जगभर नांव मिळालें. दिल्लीस प्रगति मैदानावर असा मेळा २००८ सालीं प्रथम भरला.

पाहणाऱ्यास गाळ्यांत पांढऱ्या भिंती व पांचसात चित्रें एवढेंच दिसतें. त्यामागचा खर्च मात्र दिसत नाहीं. जागेचें भाडें चौरस मीटरवर मोजून घेतात. चित्रें लांकडी पेट्यांत भरून न्यावीं लागतात, त्यांचा विमा उतरावा लागतो, माणसांच्या राहण्याजेवणाची सोय पाहावी लागते. चित्र विकलें तर किंमतीचा बहुधा निम्मा वांटा चित्रकाराचा व निम्मा विक्रेत्याचा. पुष्कळांस ही अडत जबर वाटते. परंतु चित्र विकलें नाहीं तरी भाडें चुकत नाहीं, आणि तें विक्रेत्याच्याच अंगावर पडतें, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे.

खरी अडचण येते ती भिंत वांटतांना. नांवाजलेल्या चित्रकाराचें एक मोठें चित्र लावलें कीं भाड्याची चिंता मिटते. तीच जागा एखाद्या अपरिचित मुलीच्या चार लहान चित्रांना दिली, तर तीं पाहण्यास कदाचित् एखादा संग्रहालयाचा अधिकारी थांबेल, किंवा चारही दिवस कोणीही थांबणार नाहीं. शिवाय जत्रेंत शेंकडों चित्रांपुढून पाय ओढीत चाललेला मनुष्य एका चित्रास किती वेळ देणार! शांत रंगाच्या, हळूहळू उलगडणाऱ्या चित्राचा तेथें टिकाव लागणें कठीण. भडक रंगाचें चित्र लांबूनच हांक मारतें. कित्येक विक्रेते यावर तोड काढतात ती अशी, कीं बाहेरच्या भिंतीवर परिचित नांव व आंतल्या कोपऱ्यांत नवें. हा कोपरा पाहिल्यावांचून गाळ्याची परीक्षा करूं नये.

शेवटच्या सायंकाळीं दिवे अर्धे मालवतात, पेट्या पुन्हा उघडतात. न खपलेलीं चित्रें कागदांत गुंडाळलीं जात असतांना मालक एका बाजूस बसून त्या मुलीस काय कळवावें, याचा विचार करीत असतो.