बाबांच्या बंदुकीचा दस्ता आणि आमचे सुतारकाका

इयरफोन जवळ नसेल, नाहीतर बसमध्ये नीट ऐकू येत नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा.

मी जामनेर तालुक्यातल्या पहूरचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणजे वकील नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाबांच्या नावावर परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक आहे. रात्री मळ्यात राखणीला जाताना ते ती सोबत नेतात. परवाना आहे म्हणून रानडुक्कर मारता येतं असं मात्र नाही हं, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. तर मागच्या दिवाळीत घरी गेलो आणि पाहतो तर दस्ता मुठीपाशी तडकलेला. बांधावरून बाबांचा पाय घसरला होता. त्यात त्यांचा उजवा खांदा दुखतो, त्यामुळे दस्ता लांबही पडतो.

मला वाटलं, वा, सुट्टीतलं काम मिळालं! यूट्यूब उघडलं. अमेरिकेतला एक जण दोन स्क्रू काढतो, जुना स्टॉक बाजूला, नवा बसवला, पाच मिनिटांत खेळ खलास. खरं तर तिथेही राज्यागणिक नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना घडीचा स्टॉक लावला, तर ती रायफल बंदी असलेल्या वर्गात जाते. पण व्हिडिओत हे कोण सांगतंय?

गावात आमचे एक सुतारकाका आहेत. घरची दारं, खिडक्या सगळं त्यांच्याच हातचं. त्यांना फोटो दाखवला. म्हणाले, "त्यात काय भो, सागाचा दस्ता दोन दिवसात करून देतो तुले." पैसेही नको म्हणाले. सकाळी बंदूक त्यांच्याकडे नेऊन ठेवायची, एवढंच बाकी होतं.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर शस्त्र अधिनियम, १९५९ वाचायला घेतला. आणि झोप उडालीच.

कलम ५ म्हणतं की बंदूक बनवायला आणि विकायला तर परवाना लागतोच, पण दुरुस्त करायला आणि तिच्यात बदल करायलाही लागतो. बाबांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. बरं, "दस्ता म्हणजे नुसतं लाकूड" असंही म्हणता येत नाही, कारण शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा तर वेगळाच गुन्हा. आणि शिक्षा? कलम ५ मोडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

सात वर्षं! कोणाला? ज्या माणसाने माझा पाळणा केला, त्याला. आम्ही ऑफिसात कोड चुकला की रोलबॅक मारतो. इथे रोलबॅक नाही.

मग करायचं काय? वाट कायद्यातच आहे. कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. मी बाबांनाच सोबत घेतलं. परवान्याचं पुस्तक घेतलं, बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघितलं, आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे गेलो.

त्याने आधी बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला. मग बाबांना बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि घोड्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंत माप घेतलं. नवा दस्ता थोडा आखूड केला, मागे रबराची गादी बसवली. नळीला हात लावला नाही. पावती दिली, ती आता परवान्यासोबतच असते. तुमच्या बदलामुळे परवान्यावरची एखादी नोंद बदलत असेल, तर काम करायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

नेमबाजी करणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट. ०.१७७ इंचापर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खेळाच्या रायफलीत गालाची पट्टी आणि खांद्याची प्लेट सरकवायची सोय कंपनीनेच दिलेली असते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो, त्यामुळे दर वेळी रायफल अंगाला जुळवून घ्यावी लागते. ती सोय बिनधास्त वापरा. करवत मात्र चालवू नका. स्पर्धेत मोजमापही होतं, १० मीटर एअर रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही.

परत आल्यावर सुतारकाकांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं, वाचून सांगितलं. मले काय माहीत होतं?" चार दिवसांनी त्यांनी बंदूक ठेवायला सागाची कुलपाची पेटी करून आणली.

पेटीला परवाना लागत नाही.

तुमच्या घरी जुनी बंदूक असेल, तर हा भाग घरच्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!