पात्रांचा स्वभाव मुलांनी कसा ओळखावा?

(देहूरोड येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी मला नेमून दिलेला विषय आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. पाठ संपला की त्याखाली प्रश्न असतो, ‘अमक्याची स्वभाववैशिष्ट्ये लिहा.’ गुरुजी किंवा बाई फळ्यावर उत्तर लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात, चाचणीत तेच उत्तर शब्दशः परत येते आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो. एवढ्यावर पाठाचे वाचन झाले असे आपण समजतो. माझ्या मते ते वाचन नव्हे, ती केवळ नक्कल होय. पात्राविषयीचे मत मुलाने स्वतः बनवावे, त्यासाठी पाठातील आधार दाखवावा, आणि ते मत आपल्याला अडचणीचे वाटले तरी आपण ते ऐकून घ्यावे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी मी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घेतो. ह्या पुस्तकातील प्रकरणे पाठ म्हणून किंवा अवांतर वाचन म्हणून आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात आहेत. गुरुजी स्वतः आपल्याच पंथातले. १९२४ ते १९३० ह्या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे सत्याग्रहात त्यांना कारावास घडला आणि नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला व १९५४ साली त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. इतका लौकिक झाल्यामुळे एक अडचणही उत्पन्न झाली आहे. आई प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी आणि देवभोळी, ही चार विशेषणे पुस्तक न वाचताच मुलांना पाठ असतात. बाजारातील मार्गदर्शकांतही तीच छापलेली असतात. चार विशेषणे म्हणजे स्वभाव नव्हे. स्वभाव प्रसंगात दिसतो, आणि तो तेथूनच शोधून काढावा लागतो.

दोन प्रसंग पाहा. स्नान झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो. आई आपल्या लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते, आणि त्यावर तो पाय टेकतो. दुसरा प्रसंग पोहण्याचा. विहिरीच्या भयाने श्याम लपून बसतो, तेव्हा हीच आई हातात शिंपटी घेऊन त्याला मारीत बाहेर काढते. आता मुलांना विचारावे, ‘ही एकच बाई आहे काय? एकदा ओचा पसरणारी आणि एकदा शिंपटी घेणारी?’ वर्ग क्षणभर गप्प होतो. मग कोणी म्हणते की, आईला राग आला होता. कोणी म्हणते की, पोरगा भित्रा निघेल अशी तिला काळजी होती. येथे आपण उत्तर सांगून मोकळे होऊ नये. ‘तुला असे कशावरून वाटते? पाठात दाखव,’ एवढेच म्हणावे. मूल पुन्हा पुस्तकात डोके घालते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, हा आईचा हेतू तिच्याच बोलण्यातून त्याला सापडतो. ‘प्रेमळ’ हा जो शब्द पूर्वी पोकळ होता, त्यात आता काही तरी भरले जाते. लाड पुरविणे आणि भय घालविणे ह्या दोहोंत प्रेम असू शकते, हे त्या मुलाने स्वतः शोधलेले असते.

मित्रहो, आता मी स्वतःची एक चूक आपल्यापुढे ठेवतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी सातवीच्या वर्गाला ह्याच पुस्तकातील म्हातारीच्या मोळीची गोष्ट वाचून दाखविली होती. गोष्ट आपणांस आठवत असेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका वृद्धेची लाकडांची मोळी डोक्यावरून खाली पडते. तिला हात लावावयास कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. देवाला सर्व लेकरे सारखीच प्रिय, हे त्या प्रकरणाचे सार. मी मुलांना उत्तर लिहून दिले : आई दयाळू होती, ती भेदभाव मानीत नसे.

चाचणीत एका मुलीने माझे उत्तर लिहिले आणि त्याखाली स्वतःचे एक वाक्य जोडले, ‘पण देवाला सारे सारखे, तर मग आंघोळ का?’ मी त्या वाक्यावर तांबडी रेघ मारली आणि एक गुण कापला. विचारले त्याचेच उत्तर लिहावे, अशी तंबीही दिली. पुढच्या चाचणीत तिने मी सांगितलेले उत्तर अक्षरशः उतरविले, आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. त्यानंतर वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. वर्ग शिस्तीत चालला आहे, असे मला त्या वेळी वाटले होते.

आज विचार करता वाटते की, त्या वर्गात खरे वाचन त्या एका मुलीनेच केले होते. माझे उत्तर पाठाशी जुळत नव्हते. आई भेदभाव मानीत नसे, असे मी लिहून दिले. आणि ती आंघोळ करावयास सांगते, हे तर पाठात स्पष्ट होते. त्या शब्दांवरून मी नजर फिरविली होती, मुलीने फिरविली नव्हती.

मग त्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावयाचे? प्रथम, मुलांना काळाची कल्पना द्यावी. गुरुजींचा जन्म १८९९ चा, दापोली तालुक्यातील पालगडचा. गोष्ट गेल्या शतकाच्या आरंभीच्या कोकणातील आहे. त्या खेड्यात एका बाईने आपल्या मुलाला मोळीला हात लावावयास धाडणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही आंघोळीची रूढी तिला सोडता आली नाही. ती एक पाऊल पुढे गेली आणि दुसऱ्या पावलाला थांबली. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांनी दोन्ही लिहाव्यात. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही, आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचेही नाही.

दुसरे असे की, येथे गोष्ट सांगणारा कोण, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे. लहान श्याम निराळा. मोठा होऊन आश्रमातील सोबत्यांना रात्री-रात्री आठवणी सांगणारा श्याम निराळा. आणि तुरुंगात बसून हे सर्व लिहिणारे गुरुजी आणखी निराळे. गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली वारल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी लिहिताना आंघोळीचे ते शब्द त्यांना सहज गाळता आले असते. त्यांनी ते गाळले नाहीत. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे हरिजनांना खुली व्हावीत म्हणून त्यांनी उपोषण केले व मंदिर खुले झाले. आई जेथे थांबली तेथून मुलगा पुढे चालला, असे एखाद्या मुलाने लिहिले, तर ते उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही, आणि तरीही ते योग्य ठरेल.

हा प्रश्न ह्या गावी परका नाही. आपण जेथे जमलो आहोत त्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. येथून थोड्या अंतरावर तुकोबारायांचे देहू आहे. ज्या मुलांच्या घरी ह्या दोन्ही स्थानांविषयी बोलले जाते, त्यांना ‘आंघोळ का?’ हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. काही शिक्षकांना भीती वाटते की, असा विषय वर्गात निघाला तर तंटा होईल. भीती अगदीच खोटी नाही. म्हणून दोन पथ्ये पाळावीत. कोणत्याही मुलाला त्याची जात किंवा त्याच्या घरचे अनुभव विचारू नयेत. चर्चा पाठातील माणसांपुरती ठेवावी. आणि एखाद्या मुलाने आपण होऊन काही सांगितले, तर ते शांतपणे ऐकून घ्यावे, त्याचे प्रदर्शन करू नये. प्रश्नच दडपून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तिच्याविषयी विचारलेला प्रश्न खोडण्याचा अधिकार शिक्षकाला कोठून येणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या शाळांतील मुले आता केवळ गावची राहिलेली नाहीत. चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांमुळे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे आली आहेत. ह्या मुलांना कोकणातील घर, मोळी, ओचा हे शब्द ठाऊक नसतात, म्हणून त्यांना हे साहित्य कळणार नाही असे आपण गृहीत धरतो. मध्यंतरी एका वर्गात मी विचारले, ‘म्हातारीने मोळी स्वतःच का उचलली नाही?’ बरीच मुले म्हणाली, ती म्हातारी होती म्हणून. बांधकामावर काम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाला की, भरलेले घमेले डोक्यावर घेण्यास नेहमी दुसऱ्याचा हात लागतो. तरण्या माणसालाही लागतो. त्या उत्तराने प्रसंगाचा सारा अर्थ उलगडला. म्हातारीला दया नको होती, एक हात हवा होता, आणि तेवढा हात द्यावयास कोणी तयार नव्हते. शुद्धलेखनात कच्चा असलेला तो मुलगा आशयाच्या बाबतीत वर्गाच्या पुढे होता.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. आठवड्यातून एक तासिका ह्यासाठी राखून ठेवावी. प्रसंग एकदा आपण मोठ्याने वाचावा, एकदा मुलांकडून वाचून घ्यावा. मग फळ्यावर तीन रकाने आखावेत : पात्राने काय केले, पात्र काय बोलले, इतर त्याच्याविषयी काय म्हणाले. रकाने मुलांनी भरावेत; आपण केवळ लिहून घ्यावे. ते भरल्यावरच ‘ह्यावरून हे माणूस कसे वाटते?’ असे विचारावे. दोन मुलांची मते भिन्न आली तर दोन्ही फळ्यावर ठेवावीत आणि प्रत्येकाला आधार विचारावा. ज्याला आधार दाखविता येत नाही, त्याने आपले मत बदलावे किंवा पुन्हा वाचावे. वाटेल ते मत चालेल असा ह्याचा अर्थ नाही. पाठाचा आधार नसलेले मत कच्चेच समजावे, मग ते मुलाचे असो की शिक्षकाचे.

पाठाचा आशय शोधतानाही हीच रीत ठेवावी. एका प्रकरणावरून ‘तात्पर्य’ काढण्याची घाई करू नये. तीन-चार प्रकरणे वाचून झाली की, त्यांत पुन्हापुन्हा काय येते ते विचारावे. गरिबीतही मान न सोडणे, हे सूत्र मुलांना आपोआप दिसू लागते. तपासताना पाच गुणांपैकी दोन गुण पाठातील आधाराला, दोन त्यावरून काढलेल्या विचाराला आणि एक भाषेला द्यावा, असे मी सुचवितो. बोलीतील किंवा मिश्र भाषेतील उत्तर प्रथम तोंडी स्वीकारावे. प्रमाण रूप नंतर हळूहळू शिकविता येते.

ह्या पद्धतीत वेळ जातो, हे मी जाणतो. अभ्यासक्रम, माहितीचे तक्ते, परिपत्रके ह्यांतून आपणांस किती तासिका उरतात, तेही मला ठाऊक आहे. त्या परिपत्रकांतील काही माझ्याच सहीने निघतात. तरीही वर्षाकाठी दहा प्रकरणे उतरवून घेण्यापेक्षा तीन प्रकरणे खरोखर वाचलेली बरी, असे माझे मत झाले आहे. आज आपण मुलाला श्यामच्या आईविषयी आधारासह बोलावयास शिकविले, तर उद्या वर्तमानपत्रातील बातमी, सभेतील भाषण किंवा करारावरील मजकूर ह्यांविषयीही ते ‘कशावरून?’ असे विचारील. कारखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या ह्या मुलांना त्याची फार गरज पडणार आहे.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाला त्या वेळी जे उत्तर द्यावयास हवे होते, ते मी आज आपल्यापुढे दिले. आपल्या वर्गात असे एखादे वाक्य उत्तराखाली जोडलेले आढळले, तर कृपा करून त्यावर तांबडी रेघ ओढू नका. ते वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा आणि साऱ्या वर्गाला विचारा.