ऐकणाऱ्यांचा वाद्यवृंद

अनेक वाद्ये एकाच वेळी वाजली म्हणजे वाद्यवृंद झाला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वाद्ये एकत्र वाजणे निराळे आणि वादकांनी एकमेकांस ऐकणे निराळे. पहिल्या गोष्टीस ताल व सूर पुरतात. दुसरीस मनाची काही एक शिस्त लागते. अमेरिकेतील ‘फिश’ या चौघांच्या वाद्यवृंदाचा इतिहास हा या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आहे.

फिश ज्या परंपरेत मोडतो, तिला तिकडे ‘जॅम’ म्हणतात. जॅम म्हणजे आधी लिहून न ठेवलेले, वाजविता वाजविताच रचले जाणारे संगीत. आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्यास ही कल्पना परकी वाटू नये. बंदिश ठरलेली असते, विस्तार त्या क्षणी सुचतो. मात्र ख्यालात विस्ताराचा भार मुख्य गायकावर असतो आणि साथीदार त्याच्या अनुरोधाने जातात. जॅममध्ये पुढे कोणी जावे आणि मागे कोणी राहावे, हेही वाजविता वाजविताच ठरावयाचे असते. म्हणूनच तेथे गोंधळ होण्याचा संभव फार.

अमेरिकेच्या ईशान्येस कॅनडाच्या सीमेला लागून व्हरमाँट हे लहानसे डोंगराळ राज्य आहे. तेथील बर्लिंग्टन शहरी, विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांनी 1983 साली हा वाद्यवृंद उभा केला. ट्रे अनास्तासिओ व जेफ होल्ड्सवर्थ गिटार वाजवीत, जॉन फिशमन ड्रम्स वाजवीत. बास गिटार वाजविणारा हवा होता, म्हणून अनास्तासिओ यांनी आवारात जाहिराती लावल्या आणि त्या वाचून माइक गॉर्डन आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विद्यापीठाच्या भोजनगृहात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. तो श्रोत्यांस इतका नीरस वाटला, की मायकेल जॅक्सन यांची ध्वनिमुद्रिका लावून वादकांना गप्प करण्यात आले! पुढे 1985 मध्ये पियानोवादक पेज मॅककॉनेल येऊन मिळाले, 1986 मध्ये होल्ड्सवर्थ बाहेर पडले, आणि आजवर टिकलेले चौघे निश्चित झाले.

बर्लिंग्टनमधील ‘नेक्टर्स’ या उपाहारगृहाने त्यांना सलग रात्री वाजविण्याची संधी दिली. चुका करावयास जागा आणि ऐकून घेणारे श्रोते, ही दोन्ही शिकाऊ कलावंतास क्वचितच एकत्र लाभतात. त्या ऋणाची आठवण म्हणून त्यांनी 1992 मधील आपल्या ध्वनिमुद्रिकेस उपाहारगृहाच्या मालकाचेच नाव दिले.

परंतु त्यांची खरी घडण झाली ती तालमीच्या खोलीत. त्यांनी एक अभ्यास शोधून काढला होता. एकाने लहानसा स्वरसमूह वाजवावा. इतर तिघांनी त्यास जुळेल असे काही वाजवावे. चौघांचे वाजविणे एकजीव झाले असे ज्यास वाटेल त्याने ‘हे’ असा उद्गार काढावा. सर्वांचे उद्गार आले, की मगच पुढच्याने आपला स्वरसमूह बदलावा. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. पण ‘हे’ म्हणण्यासाठी स्वतःचे वाद्य विसरून उरलेल्या तिघांकडे कान द्यावे लागतात, यातच त्याचे मर्म आहे. गिटार सदा पुढे आणि बास सदा मागे, ही रूढ वाट त्यायोगे मोडली.

या शिस्तीमुळे त्यांच्या शैलीत दोन विरोधी गुण एकत्र नांदले. एकीकडे काटेकोर रचना: अनास्तासिओ यांनी व्हरमाँटमधील संगीतकार अर्नी स्टायर्स यांच्याजवळ रचनाशास्त्राचा अभ्यास केला, आणि त्यांच्या दीर्घ गीतांत एक स्वरावली दुसरीचा पाठलाग करते अशी पाश्चात्य अभिजात बांधणी आढळते. दुसरीकडे, ती रचना संपताच सुरू होणारा मुक्त विस्तार. रॉक, जॅझ, डोंगरी ब्लूग्रास, इतकेच नव्हे तर वाद्यांवाचून चौघांनी गावयाची जुनी समूहगीते, सर्वांस तेथे प्रवेश आहे. विनोदही वर्ज्य नाही. फिशमन तर झाडलोटीचे विजेचे यंत्र तोंडाला लावून वाजवितात. गीतांचा क्रम रोज बदलतो. 2017 साली न्यूयॉर्क येथे त्यांनी 13 रात्री कार्यक्रम केले आणि एकही गीत पुन्हा वाजविले नाही.

प्रारंभीची आठ वर्षे त्यांच्या पाठीशी कोणतीही मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नव्हती. बॉस्टनच्या ‘पॅराडाइज’ या सभागृहाने त्यांना कार्यक्रम दिला नाही, तेव्हा जानेवारी 1989 मध्ये ते सभागृहच भाड्याने घेण्यात आले. बर्लिंग्टनहून सुमारे 350 किलोमीटरचा प्रवास करून श्रोते बसगाड्यांनी आले आणि सभागृह भरले. ‘जुन्टा’ ही ध्वनिफीत त्यांनी त्याच वर्षी स्वतःच काढली. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यास श्रोत्यांना मोकळीक होती. त्या फिती विकावयाच्या नाहीत, एकमेकांस द्यावयाच्या, असा दंडक होता. जाहिरातीचे काम श्रोत्यांच्या स्नेहानेच केले.

कीर्ती आली, तशी तिची किंमतही द्यावी लागली. 1999 च्या अखेरच्या रात्री फ्लॉरिडात त्यांनी मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत अखंड वाजविले. पुढच्याच वर्षी त्यांनी विश्रांती घेतली. 2002 च्या अखेरीस ते परतले, पण 2004 मध्ये वाद्यवृंद विसर्जित केला. 2006 मध्ये अनास्तासिओ यांना अमली पदार्थांच्या प्रकरणी अटक झाली. न्यायालयाच्या देखरेखीखाली त्यांनी व्यसनमुक्तीचा खडतर मार्ग पुरा केला. मार्च 2009 मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले. आणि 2023 मध्ये अनास्तासिओ यांच्या संस्थेने व्हरमाँटमधील लडलो गावी व्यसनातून सावरणाऱ्यांसाठी निवासी केंद्र उघडले.

स्वातंत्र्य म्हणजे बंधनाचा अभाव, असे तारुण्यात वाटते. या चौघांचे संगीत निराळी साक्ष देते. ज्याला दुसऱ्याचा सूर ऐकू येतो, त्यालाच आपला सूर मोकळेपणाने लावता येतो. आणि जो ऐकणे सोडतो, तो मोकळा न होता केवळ एकटा पडतो. संगीताबाहेरही हे तितकेच खरे आहे. घरात, शाळेत, सभेत बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दुसऱ्याचे नीट ऐकून मगच ‘हे’ म्हणणारे मात्र थोडेच आढळतात.