बाद पद्धती आणि बुद्धिबळाचा रसिक



बोलणार आहे बुद्धिबळाविषयी; खेळण्याविषयी नव्हे, पाहण्याविषयी. १ ते २६ नोव्हेंबर २०२५ या काळात बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात, बार्देशातील हडफडे येथे झाला. पेडणेकरांना कोलवाळचा पूल ओलांडून आणि डिचोलीकरांना अस्नोडा-म्हापसा मार्गे जाता यावे इतका तो जवळ होता. २००२ साली हैदराबादेत झालेल्या स्पर्धेनंतर तेवीस वर्षांनी विश्वचषक भारतात आला, आणि या वेळी चषकालाच विश्वनाथन आनंद यांचे नाव होते.

बाद पद्धती आपणांस नवी नाही. गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत आपण ती पाहतो. हरला तो घरी गेला. हडफड्याला २०६ खेळाडू होते. पहिल्या ५० मानांकितांना पहिल्या फेरीत विश्रांती, दुसऱ्या फेरीत १२८ जण, आणि तेथून दर फेरीत निम्मे. प्रत्येक लढतीत दोन दिवस दोन प्रदीर्घ डाव. बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी जलद डाव. त्यांचा वेळही घटत जातो: पंधरा मिनिटे, मग दहा, मग पाच, मग तीन. काल ज्याने एका खेळीसाठी अर्धा तास घेतला असेल, त्यालाच आज काही क्षणांत वजिराचे भवितव्य ठरवावे लागते.

येथे थोडे गणित करू. समजा, एखादा खेळाडू इतका बलवान आहे की कोणाशीही पाच लढती झाल्या तर चार तोच जिंकेल. त्याला विजेतेपदासाठी ओळीने सात लढती जिंकायच्या आहेत. चार-पंचमांशाला सात वेळा स्वतःनेच गुणले तर उत्तर सुमारे २१ टक्के येते. म्हणजे असा बलाढ्य वीरही पाचांपैकी चार स्पर्धांत कोठेतरी वाटेतच गळणार! आपला आवडता खेळाडू बाद झाला म्हणून जो रसिक दैवाला दोष देतो, त्याने हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा.

या पद्धतीवर अन्यायाचा आरोप होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. १९९७ च्या अखेरीस ग्रोनिंगेन येथे आनंद यांनी फेऱ्यांमागून फेऱ्या जिंकल्या आणि लगेच, थकलेल्या अवस्थेत, त्यांना लोझानला जाऊन थेट अंतिम लढतीत बसविलेल्या कार्पोव्हशी जगज्जेतेपदासाठी खेळावे लागले. लढत बरोबरीत राहिली, जलद डावांत आनंद हरले. तीन वर्षांनी, २००० साली, दिल्ली आणि तेहरान येथे त्याच बाद पद्धतीने ते जगज्जेते झाले. पद्धतीने घेतले आणि पद्धतीनेच दिले.

हेच आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखबाबत चार महिन्यांत घडले, फक्त उलट क्रमाने. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकात तिला पंधरावे मानांकन होते. ती अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला जलद डावांत हरवून विजेती झाली आणि त्या विजयानेच थेट ग्रँडमास्टर ठरली. नोव्हेंबरमध्ये हडफड्याला ती खास प्रवेशावर खुल्या गटात उतरली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. तिचे बुद्धिबळ चार महिन्यांत ओसरले असे कोण म्हणेल?

गोव्यात आपली इतर माणसेही एकामागून एक गेली. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला, प्रज्ञानंद चौथ्या फेरीत दुबोव्हकडून. अर्जुन एरिगैसीने अरोनियनला हरवून आशा जागती ठेवली. पण उपउपांत्य फेरीत वेई यीने त्याला जलद डावांत बाद केले आणि स्पर्धेत भारतीय कोणी उरला नाही. माझ्या परिचयातील अनेकांनी त्या दिवशी प्रक्षेपण पाहणे सोडले. मला ते पटले नाही. पेडण्यात दशावतार पाहणारा रसिक आवडता नट आत गेला म्हणून चटई गुंडाळीत नाही. तो पहाटेपर्यंत बसतो. खरे तर पुढचा आठवडाच मला अधिक रमवून गेला. जोवर ‘आपला’ खेळत होता, तोवर माझी नजर पडद्यावरील त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर खिळलेली असे. संगणक कोणाचे पारडे जड मानतो, एवढेच मी पाहत होतो. आपले कोणी उरले नाही तेव्हा मी पट मांडला आणि उंट तेथे का गेला, प्यादे आताच का पुढे सरकले, हे स्वतःला विचारू लागलो.

अंतिम लढत उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह आणि चीनचा वेई यी यांच्यात झाली. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसऱ्यात सिंदारोव्ह विजयी. वय १९, या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता. योगायोग असा की त्याचा जन्म ८ डिसेंबर २००५ चा आणि दिव्याचा ९ डिसेंबर २००५ चा!

त्या लढतीचे चारही डाव आज कोणालाही उपलब्ध आहेत. मुलांनो, ते पटावर हाताने मांडून पाहा. एकाने पांढरी सोंगटी हलवावी, दुसऱ्याने काळी, आणि पुढची खेळी वाचण्याआधी ती काय असेल हे दोघांनी मिळून ठरवावे. संगणकाची पट्टी मात्र तोवर झाकलेली असू द्या.