बंदूक रिकामी आहे, हे कोणी पाहिले?

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणात भात पोटरीला आले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि शेतकऱ्याला रात्रीची राखण करावी लागते. या राखणीसाठी अनेक घरांत ठासणीची बंदूक असते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शेतसंरक्षणाकरिता अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु पिकाच्या रक्षणासाठी घेतलेली ही बंदूक कधी कधी घरातल्याच माणसाच्या जिवावर उठते. अशा प्रसंगानंतर बहुधा एकच वाक्य कानी पडते : ‘रिकामी आहे असे वाटले.’ हे ‘वाटणे’च घातक आहे.

याचे कारण बंदुकीच्या रचनेत आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरतात. मागील बाजूस टोपी बसवितात. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि ठिणगी दारूपर्यंत पोहोचते. एकदा भरलेली ही बंदूक सहजासहजी रिकामी करता येत नाही. म्हणून रात्री डुक्कर आले नाही तर शेतकरी केवळ टोपी काढतो आणि बंदूक खुंटीला अडकवितो. बाहेरून ती रिकामी दिसते. आत दारू तशीच असते. पुढे कोणी अजाणता टोपी बसवून चाप ओढला की अनर्थ ओढवतो. जुन्या बंदुकीत घोड्याची खाच झिजलेली असते. त्यामुळे अर्ध्यावर चढविलेला घोडा धक्क्यानेही सुटतो.

यावर उपाय साधा आहे. टोपी काढावी, नळीचे तोंड माणसांपासून दूर धरावे, गज आत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. तो टोपीच्या जागेपर्यंत पोहोचला नाही, तर दारू आत आहे असे समजावे. बारा बोअरची बंदूक असल्यास ती उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहाव्यात.

त्याखेरीज काही नियम कटाक्षाने पाळावेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. मचाणावर चढताना किंवा कुंपण ओलांडताना काडतुसे काढावीत. ठासणीच्या बंदुकीची टोपी काढावी. बंदूक तोंडाकडून धरून ओढू नये. बार उडाला नाही, तर किमान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेलाच धरावी. दारू उशिराही पेटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंधारात केवळ झुडूप हलले म्हणून बार काढू नये. त्या झुडपामागे शेजारच्या शेताचा राखणदारही असू शकतो.

घरात बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. दारूगोळा वेगळ्या कुलपात असावा. शिक्षकांनी मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात : बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून दूर जावे आणि मोठ्या माणसास सांगावे.

कायद्याची जाणीवही हवी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेनुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये रानडुक्कर मारण्यास वेगळी परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीबाबत वनविभागाकडे भरपाईचा अर्जही करता येतो.

ग्रामपंचायतींनी राखणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, परवानाधारकांना एकत्र बोलवावे आणि कोण कोणत्या शेतात राखणीला बसणार हे आपसांत ठरवून घ्यावे. गेलेले पीक पुढल्या वर्षी पुन्हा उभे राहते. गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून ‘वाटले’ या शब्दाला येथे थारा नको. ‘पाहिले’ हाच शब्द हवा.