वाचता येतं, पण विचारता येतं का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या जाहिरातीचा एक कागद आला. नववीतल्या एका मुलीने तो घडाघडा वाचून दाखवला : 10,000 रुपये कर्ज, महिन्याला फक्त 1 टक्का व्याज, 12 हप्ते. आम्ही खूश झालो. चौघींनी फॉर्मही भरले.

मग एका आजीने विचारलं, "अगं, 1 टक्का कशावर? घेतलेल्या पैशावर की राहिलेल्या?" मुलगी गप्प. तिने तीच ओळ पुन्हा वाचली. कागदावर ते लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा कळलं की व्याज शेवटपर्यंत पूर्ण 10,000 वरच. म्हणजे 1,200 रुपये. मुलीने वहीत हिशेब मांडला. मुद्दल दरमहा सारखं फेडलं आणि व्याज फक्त राहिलेल्या रकमेवर धरलं, तर 650 रुपये होतात. दोघींनी फॉर्म परत घेतले. दोघींना नड होती, त्यांनी कर्ज घेतलं, पण समजून घेतलं.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं : आमची मुलं वाचतात, पण वाचलेल्याला प्रश्न विचारत नाहीत. धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर धड्यातच सापडतं, कर्जाच्या कागदाचं तसं नसतं.

आता दर शनिवारी आम्ही आठवी-नववीच्या मुलांना घेऊन बसतो. कधी औषधाची जाहिरात, कधी मोबाईलवर आलेला निरोप. चारच प्रश्न विचारतो. हे कोणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? काय सांगायचं ठेवलंय? खरं-खोटं कुठे तपासायचं?

तपासायला आधारही असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्मकर्ज देणाऱ्याने आपल्याला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा व्याजदर लिहिलेला असायला हवा. तो कागद मागून घ्या आणि मुलांकडून वाचून घ्या.

आमच्यातल्या कितीतरी जणी शाळेत गेल्या नाहीत. तो प्रश्न विचारणाऱ्या आजीही अंगठाच उठवतात. म्हणून म्हणतो, मला वाचता येत नाही म्हणून मागे बसू नका. वाचू दे लेकीला, विचारा तुम्ही. सही त्यानंतर.